ठाण्याच्या डिसेंबरात १४४ चॉकलेट कुकीज : कामाच्या नोंदी

३० नोव्हेंबर २०२५, रविवार

काम: नाताळच्या सुट्टीत वाटायला चॉकलेट कुकीजचे २४ डबे. डब्यात ६ कुकीज, म्हणजे १४४. तुटफूट आणि चव बघणं धरून १६० चं सामान. इमारतीतली १८ घरं, दोन वॉचमन, दोन सफाई कामगार, शाळेच्या बसचे ड्रायव्हर आणि बसमधल्या ताई. जागा पोखरण रोड, ठाणे. साधनं: २८ लिटरचा एक ओटीजी (वर-खाली रॉड असलेला छोटा विजेचा ओव्हन), हँड बीटर, १ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, दोन ट्रे, घरचा दोन दारांचा फ्रिज.

अंड्याचा प्रश्न आजच सोडवला. यंदा २५ डिसेंबर गुरुवारी येतो. मार्गशीर्ष तोवर संपलेला असेल, पण गुरुवार पाळणारी घरं बारा महिने पाळतात, शिवाय काही घरांत अंडं मुळातच चालत नाही. अर्धे डबे अंड्याचे आणि अर्धे बिनअंड्याचे केले तर वाटताना एक तरी डबा चुकीच्या दारात जाणार. म्हणून सगळे बिनअंड्याचे. सरावाची सुरुवात मात्र अंडं घालूनच करायची. मूळ कुकी कशी लागते हे जिभेवर पक्कं असलं की बिनअंड्याची कुठे कमी पडते ते लगेच कळतं.

दुसरी गोष्ट आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. कुकीची बहुतेक प्रमाणं थंड देशांतल्या स्वयंपाकघरांत बसवलेली असतात. तिथे ‘रूम टेंपरेचरचं बटर’ म्हणजे १८ ते २० अंश. ठाण्यात डिसेंबरच्या दुपारी ओट्यावरचा थर्मामीटर २८ दाखवतो. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना पूर्ण वितळतं, पण २८ लाच ते मलमासारखं होतं. त्यामुळे इथे कुकी बिघडते ती बहुधा ओव्हनमध्ये जायच्या आधीच, भांड्यात. प्रमाण चाळवत बसण्यापेक्षा तापमान सांभाळायचं.

३ डिसेंबर, बुधवार

ओव्हनची तपासणी. ओटीजीच्या बटणावरचे आकडे अंदाजे असतात. आत टांगायचा थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवला, बटण १७० वर, वरचा आणि खालचा दोन्ही रॉड चालू. दिवा पहिल्यांदा विझला तेव्हा, म्हणजे आठव्या मिनिटाला, आत फक्त १५० होतं. २० मिनिटांनी काटा १८५ वर. मग १७० ते १९० मध्ये वरखाली. बटण १६० वर आणलं तेव्हा सरासरी १७० च्या आसपास आली. बटणाशेजारी मार्करने खूण केली.

दिवा विझला की ओव्हन तापला असं धरू नये. दिवा विझल्यावर आणखी १० ते १२ मिनिटं द्यायची. तोवर भिंती आणि दार तापतात आणि ट्रे आत सरकवताना दार उघडलं तरी तापमान फार पडत नाही.

थर्मामीटर नसेल तर साखरेने अंदाज घेता येतो. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. छोट्या फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर, बटण १७५ वर, १५ मिनिटं. दाणे कोरडेच राहिले तर ठीक. कडेने पाणी सुटून पिवळी पडली तर ओव्हन गरम चालतोय. बटण १९५ वर ठेवूनही वितळली नाही तर थंड चालतोय.

याच ओव्हनमध्ये मागच्या डाव्या कोपऱ्यात जास्त ताव आहे. ब्रेडचे ९ तुकडे ट्रेभर मांडून भाजले की असा कोपरा लगेच दिसतो. अर्ध्या वेळेनंतर ट्रे फिरवणं आलं.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर फक्त कन्व्हेक्शन मोड, आणि तापमान १० ते १५ अंश कमी. पंख्याच्या वाऱ्याने वरचा थर लवकर सुकतो, कुकी पसरायच्या आधीच धरते.

६ डिसेंबर, शनिवार

सामान आणलं. मैदा-साखर पोत्याने लागत असती तर वाशीच्या दाणाबाजाराची फेरी परवडली असती. दीड किलो मैद्यासाठी जांभळी नाका पुरे. डबे आणि बटर पेपरही तिथूनच.

एका बॅचचं मूळ प्रमाण, २० कुकीजचं: मैदा १८० ग्रॅम, कोको पावडर ३० ग्रॅम, खाण्याचा सोडा अर्धा छोटा चमचा सपाट (अडीच ग्रॅम), मीठ अर्धा छोटा चमचा (३ ग्रॅम), बिनमिठाचं बटर ११५ ग्रॅम, ब्राउन शुगर ११० ग्रॅम, दळलेली साखर ७० ग्रॅम, अंडं १ (कवचाशिवाय ५० ग्रॅम), व्हॅनिला ५ मिली, चॉकलेट १५० ग्रॅम.

मैदा वाटीने मोजायचा नाही. तीच वाटी पिशवीत खुपसून भरली तर १५० ग्रॅम बसतो, चमच्याने हलकेच भरली तर १२० ग्रॅम. ३० ग्रॅमच्या फरकाने कुकीचं बिस्कीट होतं. सोडा मात्र चमच्यानेच घ्यायचा. १ ग्रॅमच्या काट्यावर अडीच ग्रॅम नीट मोजता येत नाही.

बटर: नेहमीच्या पिवळ्या टेबल बटरमध्ये ३ टक्क्यांपर्यंत मीठ असतं. ११५ ग्रॅममध्ये साडेतीन ग्रॅमच्या आसपास मीठ आधीच आलं. तेच वापरायचं असेल तर वरचं मीठ पूर्ण वगळायचं, कुकी उत्तम होते. ‘बटरऐवजी साजूक तूप घातलं तर?’ हे दरवर्षी विचारलं जातं. बटरमध्ये ८० टक्के स्निग्धांश आणि साधारण १६ टक्के पाणी असतं, तुपात पाणी जवळजवळ नाहीच. म्हणून तूप घेतलं तर ९२ ग्रॅम तूप आणि २० मिली दूध. पाणी न देता तूप घातलं की कुकी पसरत नाही, भेगा पडून भुसभुशीत होते. ती नानकटाई झाली. नानकटाई फार चांगला पदार्थ आहे, पण आज तो करायचा नाहीये.

ब्राउन शुगर: विकतची महाग पडते आणि पाकीट उघडलं की तिचे खडे होतात. १०० ग्रॅम साध्या दळलेल्या साखरेत १० ग्रॅम काकवी चोळून घेतली. हाताने तीन-चार मिनिटं चोळली की ओल्या वाळूसारखी होते. काम तेच होतं: काकवीतला ओलावा कुकी मऊ ठेवतो आणि तिच्या हलक्या आंबटपणाने सोड्याला धरायला काहीतरी मिळतं. सगळी साखर काढून नुसता गूळ घातला तर चव छान येते, पण गूळ हवेतला ओलावा ओढतो आणि खाडीकाठच्या हवेत दुसऱ्या दिवशी कुकी चिकट होते. घरच्या घरी खायला चालेल, डब्यात भरून द्यायला नको.

चॉकलेट: पाकिटाच्या मागची घटकांची यादी वाचायची. कोको बटर लिहिलेलं असेल तर खरं चॉकलेट. हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट किंवा पाम तेल लिहिलेलं असेल तर ते कंपाउंड. कंपाउंड उन्हात टिकतं आणि स्वस्त पडतं, पण तोंडात विरघळत नाही, टाळूला मेणासारखा थर बसतो. इतके दिवस खपून वर तो थर द्यायचा नाही. बॅचला १०० ग्रॅम ५५ टक्के कोकोचा डार्क बार चिरून आणि ५० ग्रॅम चिप्स असं ठरवलं. बार वितळून थर सोडतो, चिप्स आकार धरून राहतात. चॉकलेटच्या तुकड्यांची कुकी पहिल्यांदा केली ती अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या टोल हाउस नावाच्या खानावळीत रूथ वेकफील्ड यांनी, १९३० च्या दशकात. तेव्हा चिप्स नव्हत्याच, बारचेच तुकडे घातले होते.

बटर पेपर: या नावाखाली बाजारात दोन वस्तू मिळतात. मेण लावलेला कागद ओव्हनमध्ये धूर काढतो. सिलिकॉनचा थर असलेला बेकिंग पेपर हवा. दुकानात ओळखायला पाण्याचा थेंब कामाचा नाही, दोन्हींवर तो ओघळतो. नखाने खरवडून बघायचं. नखाला मेण लागलं तर तो ठेवून द्यायचा.

७ डिसेंबर, रविवार

बॅच १, अंड्याची. बटर मुद्दाम सांगितल्याप्रमाणे ‘रूम टेंपरेचरला’, दोन तास ओट्यावर. मोजलं तर २७ अंश. बीटरने साखरेबरोबर पाच मिनिटं फेटलं. रंग फिकट झाला नाही, मिश्रण तेलकट आणि चकचकीत राहिलं. ३५ ग्रॅमचे गोळे लगेच ट्रेवर, १७० ला १२ मिनिटं.

निकाल: कुकीज ११ सेंटिमीटरपर्यंत पसरल्या, एकमेकींना चिकटल्या, कडा जाळीदार आणि करपलेल्या, मध्ये चॉकलेट उघडं पडलेलं.

कारण स्पष्ट आहे. साखरेचे कण बटरमध्ये घासले जातात तेव्हा हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, आणि ते धरून ठेवायला बटर घट्ट पण लवचीक लागतं. २७ अंशांच्या बटरमध्ये बुडबुडे धरतच नाहीत. मग ओव्हनमध्ये चरबी पहिल्या दोन मिनिटांतच वाहू लागते, तेव्हा मैद्यातला स्टार्च आणि अंड्यातली प्रथिनं धरायला अजून पाच-सहा मिनिटं असतात. मधल्या वेळात कुकी पसरत सुटते. अशा वेळी बहुतेक जण पुढच्या बॅचला मैदा वाढवतात. कुकी पसरायची थांबते खरी, पण कोरडी आणि पिठूळ होते. मैद्याचा काही दोष नसतो.

१० डिसेंबर, बुधवार

बॅच २, तेच प्रमाण, अंड्याचीच. बटर फ्रिजमधून काढून १ सेंटिमीटरचे तुकडे, १५ मिनिटं ओट्यावर. १८ अंश. बोट दाबलं तर खळगा पडतो, पण बोट आरपार जात नाही आणि बोटाला तेल लागत नाही. थर्मामीटर नसेल तर हीच खूण. फेटायचं भांडं स्टीलचं, १० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवलेलं. बीटरच्या घर्षणानेही बटर तापतं, म्हणून मधल्या वेगावर तीन मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही. या वेळी मिश्रण फिकट झालं, बीटरच्या पात्यांना चिकटून वर आलं आणि आवाज बदलला: आधी चपचप, मग कोरडी फरफर.

अंडं थेट फ्रिजमधलं घातलं तर मिश्रण फाटतं, बटरचे दाणे होतात. पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवून मग फोडलं. मैदा, कोको, सोडा, मीठ दोनदा चाळलेलं. कोकोच्या गुठळ्या डोमध्ये (कुकीच्या कच्च्या मिश्रणात) फुटत नाहीत, चावताना कडू लागतात. कोरडं मिश्रण घातल्यावर बीटर बंद, उलथन्याने फक्त पांढरं दिसेनासं होईपर्यंत. इथून पुढे जितकं ढवळाल तितकं ग्लुटेन (मैद्यातलं चिवट प्रथिन) ताणलं जातं आणि कुकी चिवट होते. डो झाकून एक तास फ्रिजमध्ये, मग ३५ ग्रॅमचे गोळे, ट्रेवर ३×३.

ओव्हनच्या काचेतून पूर्ण घाणा बघितला. कोकोमुळे डो आधीच काळपट असतो, त्यामुळे ‘बदामी रंग येईपर्यंत’ ही सूचना चॉकलेट कुकीला लागू पडत नाही. दुसऱ्या खुणा लागतात, त्या इथे मांडतो.

पहिली तीन मिनिटं गोळ्याला नुसती चमक येते, बाहेरचं बटर सुटत असतं. चौथ्या मिनिटाला बूड बसू लागतं, गोळ्याचा घुमट होतो. सहाव्याला घुमट खचून चकती होते, पसरणं मुख्यतः याच वेळी. सातव्या-आठव्याला सोडा आणि वाफ मिळून चकती पुन्हा फुगते, वर बारीक भेगा पडतात आणि भेगांतून ओलं दिसतं. नवव्याला बाहेरची कड चमक टाकते, कोरडी दिसू लागते. हा कोरडा पट्टा आत-आत सरकत जातो. साडेअकराव्या मिनिटाला मध्ये दहा रुपयांच्या नाण्याएवढी जागा तेवढी चमकत राहते. तेव्हा बाहेर काढायचं. पूर्ण चमक जाईपर्यंत थांबलं तर कुकी बाहेर आल्यावर कडक होणारच, कारण गरम ट्रेवर ती आणखी चार-पाच मिनिटं शिजत असते.

बाहेर आल्याआल्या उचलायला जाऊ नये, मधून मोडते. पाच मिनिटं ट्रेवर, मग जाळीवर. ताटात काढली तर खाली वाफ साचते आणि बूड ओलं होतं.

निकाल: साडेसात सेंटिमीटर, कड कुरकुरीत, मध्ये चिवटसर मऊ. हेच गाठायचं आहे, फक्त अंड्याशिवाय.

१३ डिसेंबर, शनिवार

बिनअंड्याचे तीन प्रयोग, प्रत्येकी अर्धी बॅच. अंडं कुकीत तीन कामं करतं: पाणी देतं (अंड्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच), पांढऱ्यातली प्रथिनं तापून कुकी धरून ठेवतात, आणि पिवळ्यातलं लेसिथिन चरबी आणि पाणी एकजीव करतं. पर्याय निवडताना या तिन्हींपैकी काय भरून निघतं ते बघायचं. खालचे आकडे पूर्ण बॅचचे.

(अ) दही ४५ ग्रॅम. फुगली छान, पण पोत केकसारखा झाला. दह्यातलं आम्ल आणि सोडा यांची क्रिया भांड्यातच सुरू होते. चवही किंचित आंबूस. बाद.

(आ) जवसाची पूड ७ ग्रॅम आणि पाणी ४५ मिली, १० मिनिटं भिजवून. चिकटपणा अंड्याच्या जवळ जाणारा, कुकी चिवटसर झाली, काळ्या रंगात जवसाचे कण दिसतही नाहीत. पण गार झाल्यावर मागे तेलकट वास राहतो. घरात ज्यांना जवसाच्या चटणीची सवय आहे त्यांना चालेल. २४ घरांना नको.

(इ) कंडेन्स्ड मिल्क ३० ग्रॅम, दूध २५ मिली, कॉर्नफ्लोर ८ ग्रॅम. कंडेन्स्ड मिल्कमध्ये साखर बरीच असते, म्हणून साधी साखर ७० वरून ५५ ग्रॅम केली. दुधातली प्रथिनं धरायचं काम काही प्रमाणात करतात, कॉर्नफ्लोर ओलावा बांधून ठेवतो. पोत बॅच २ च्या सर्वांत जवळ. फरक एकच: मधला भाग अंड्याच्या कुकीइतका ओढला जात नाही, थोडा आधी तुटतो. डो एक तासाऐवजी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला तर हा फरक बराच कमी होतो, कारण मैद्याला पाणी प्यायला वेळ मिळतो. (इ) नक्की.

तिन्ही प्रयोगांतल्या दोन-दोन कुकीज साठवणीच्या तपासणीसाठी बाजूला.

१४ डिसेंबर, रविवार

कोकोचं वेगळं पाकीट हाती आलं, त्यावर ‘अल्कलाइज्ड’ लिहिलेलं. यालाच डच कोको म्हणतात. नेदरलँड्सच्या फान हाउटेन यांच्या नावाची पद्धत. अल्कलीची प्रक्रिया केल्याने रंग गडद आणि चव गोलाईदार होते, पण नैसर्गिक कोकोतलं आम्ल जातं.

आम्ल गेलं की सोड्याला सोबती उरत नाही. त्याच प्रमाणात अर्धा चमचा सोडा ठेवून एक घाणा भाजला तर मागे साबणासारखी चव आली, रंग लालसर काळा. सोडा पाव चमच्यावर आणून वर अर्धा चमचा बेकिंग पावडर घातली तर चव सुधारली, कुकी थोडी जाड आली. दोन्ही चालतात, फक्त अदलाबदल करताना फुगवणारा पदार्थही बदलायचा. मोठ्या कामासाठी नैसर्गिक कोको आणि सोडा, कारण काकवीबरोबर ते नीट जुळतं. पाकिटावर काहीच लिहिलेलं नसेल तर रंग बघायचा: विटकरी-फिकट असेल तर नैसर्गिक, गडद चॉकलेटी असेल तर बहुधा डच.

चॉकलेट चिरण्याबाबत एक बारीक गोष्ट. आज दुपारी दोनला चिरायला घेतलं तर सुरीला आणि हाताला चिकटत होतं, तुकड्यांच्या कडा बोथट झाल्या. सकाळी सातला चिरलं तर स्वच्छ तुटतं. चिरल्यावर चाळणीतून हलवून भुगा वेगळा काढायचा. भुगा डोमध्ये गेला तर तो विरघळून जातो आणि तुकडे कमी पडल्यासारखं वाटतं. भुगा दुधात घालायला उत्तम.

१७ डिसेंबर, बुधवार

१३ तारखेच्या कुकीज, चार दिवसांनी. साध्या स्टीलच्या डब्यातल्या पूर्ण नरम. रबराच्या झाकणाच्या हवाबंद डब्यातल्या मऊ पण छान. कडेचा कुरकुरीतपणा दोन्हींत गेलेला. तो तसा पहिल्या दिवसातच जातो, कारण मधला ओलावा हळूहळू कडेकडे सरकतो. डबा कितीही चांगला असला तरी हे थांबत नाही. म्हणून वाटायच्या आदल्या दोन दिवसांतच भाजायच्या, त्याआधी नाही.

दोन कुकीजवर चॉकलेटला पांढुरकी झाक आली होती. ती बुरशी नव्हे. ओव्हनमध्ये वितळलेलं चॉकलेट परत गोठताना कोको बटर पृष्ठभागावर येतं. खायला काहीच अपाय नाही, पण डबा उघडणाऱ्याला शंका येते. तीही पाचव्या दिवसाच्या आत दिसत होती, हे दुसरं कारण उशिरा भाजण्याचं.

भाजलेल्या कुकीज फ्रिजमध्ये ठेवू नयेत. बाहेर काढल्यावर त्यांच्यावर दव धरतं आणि साखर ओली होते. फ्रिजमध्ये ठेवायचा तो कच्चा डो.

२० डिसेंबर, शनिवार

मोठं काम. आठ बॅचचं सामान: मैदा १,४४० ग्रॅम, कॉर्नफ्लोर ६४, कोको २४०, सोडा ४ छोटे चमचे, मीठ ४ छोटे चमचे, बटर ९२० (५०० ग्रॅमची दोन पाकिटं, ८० ग्रॅम उरतं), साखर ८०० अधिक काकवी ८० (ब्राउन शुगरसाठी), साधी साखर ४४०, कंडेन्स्ड मिल्क २४०, दूध २०० मिली, व्हॅनिला ४० मिली, चॉकलेट १,२००.

९२० ग्रॅम बटर हँड बीटरने एकदम फेटता येत नाही, मोटर तापते आणि बटरही तापतं. दोन-दोन बॅचचे चार हप्ते केले, प्रत्येकी २३० ग्रॅम बटर. पहिला हप्ता सकाळी साडेसहाला, तेव्हा स्वयंपाकघर २२ अंश. चौथा हप्ता साडेअकराला, २८ अंश. चौथ्यासाठी भांडं बर्फाच्या परातीत ठेवून फेटलं. परातीतलं पाणी डोमध्ये उडू देऊ नये, एवढीच काळजी.

डो रात्रभर फ्रिजमध्ये. झाकण नीट हवं. कालची लसणाची चटणी शेजारी होती, ती आधी दुसऱ्या घरी हलवली. बटर वास फार लवकर धरतं.

२१ डिसेंबर, रविवार

१६० गोळे, प्रत्येकी ३५ ग्रॅम, सगळे काट्यावर. गोळे वेगवेगळ्या वजनाचे असतील तर एकाच ट्रेमध्ये लहान करपतो आणि मोठा कच्चा राहतो. हाताच्या उबेने डो सैल होतो, म्हणून एका वेळी एकाच बॅचचं भांडं बाहेर, २० मिनिटांत २० गोळे. चॉकलेटचे दोन तुकडे प्रत्येक गोळ्याच्या माथ्यावर वरून दाबले. त्यामुळे भाजल्यावर चॉकलेट वर दिसतं.

गोळे किंचित चपटे करून ताटलीत एक तास फ्रीझरमध्ये, टणक झाल्यावर झिपच्या पिशव्यांत, पिशवीवर तारीख. आधी टणक न करता भरले तर एकच ढेकूळ होतो. उणे १८ अंशांना हे गोळे महिनाभर चांगले राहतात.

नमुन्याला तीन गोळे थेट फ्रीझरमधून भाजले: १७० ला १३ मिनिटं. फ्रिजमधल्यापेक्षा दीड मिनिट जास्त. व्यास सात सेंटिमीटर, थोड्या जाड. वितळवून भाजायची गरज नाही, उलट वितळताना वर दव धरतं. उरले १५७.

२३ डिसेंबर, मंगळवार

८ घाणे, ७२ कुकीज. १३ मिनिटं भाजणं आणि ४ मिनिटं ओव्हन परत तापू देणं, एकूण सव्वादोन तास. दोन ट्रे आलटून पालटून. गरम ट्रेवर गोळे मांडायचे नाहीत, ओव्हनमध्ये जायच्या आधीच बूड वितळतं. ट्रे उलटा करून नळाखाली धरला, पुसला, मग मांडले. सातव्या मिनिटाला ट्रे फिरवला.

दोन ट्रे एकावर एक लावून वेळ वाचवायचा मोह टाळावा. ओटीजीत वरच्या ट्रेला वरचा रॉड आणि खालच्याला खालचा, दोघांनाही अर्धीच उष्णता.

२४ डिसेंबर, बुधवार

९ घाणे, ८१ कुकीज. पाचव्या घाण्याला, नऊ मिनिटं झालेली असताना, वीज ११ मिनिटं गेली. दार उघडलं नाही. कडा धरलेल्या होत्या, उरलेल्या उष्णतेवर मधलाही भाग शिजला. नऊच्या नऊ थोड्या कोरड्या, पण देण्याजोग्या. हेच चौथ्या मिनिटाला झालं असतं तर गोळे पसरून गेले असते. तेव्हा ट्रे बाहेर काढून सरळ फ्रीझरमध्ये टाकणं बरं.

शेवटची कुकी जाळीवर आल्यानंतर पूर्ण दोन तास थांबून भरणं. हाताला गार लागली तरी मधलं चॉकलेट उशिरापर्यंत गरम असतं. गरम भरली तर झाकणाला घाम येतो. डब्यात तळाला बेकिंग पेपर, तीन-तीनचे दोन थर, मध्ये कागद. कालच्या आणि आजच्या मिसळल्या नाहीत: कालच्यांचे डबे आज संध्याकाळीच खालच्या मजल्यांवर पोचवले.

प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: बिनअंड्याची. मैदा (गहू), बटर, दूध, साखर, काकवी, कोको, चॉकलेट (सोया लेसिथिन आहे). काजू-बदाम घातलेले नाहीत, पण चॉकलेटच्या पाकिटावर त्यांचा अंश असू शकतो अशी सूचना आहे. २९ डिसेंबरपर्यंत खाव्यात. उन्हात किंवा गाडीत ठेवू नयेत, फ्रिजमध्येही नाही. हिरवा ठिपका कोपऱ्यात.

काजूची ओळ फार महत्त्वाची वाटते. बिनअंड्याचं लिहायचं सगळ्यांना आठवतं, अ‍ॅलर्जीचं राहून जातं, आणि डबा कोणाच्या लहान मुलाच्या हातात जाईल ते आपल्याला माहीत नसतं.

२५ डिसेंबर, गुरुवार

उरलेले डबे सकाळी दहाच्या आत दिले. घोडबंदर रोडवर राहणाऱ्या बसच्या ताईंचा डबा रिक्षाने जायचा होता, तो कापडी पिशवीत आणि सावलीच्या बाजूला. दुपारी बंद गाडीत डबा ठेवला असता तर चॉकलेट वितळून झाकणाला लागलं असतं.

हिशोब: भाजलेल्या १५३. डब्यांत १४४. मोडलेल्या ४, त्या तीन जाळीवरून उचलताना आणि एक भरताना. चवीला ५. कच्चे गोळे ४ फ्रीझरमध्ये, पिशवीवर २१ डिसेंबर लिहिलेलं. ओव्हनच्या बटणावरची १६० ची खूण पुसायची नाही.